ईयोबाच्या मित्रांची चूक

मराठीत माणूस नुसता मरत नाही, त्याला देवाज्ञा होते. तो वैकुंठवासी होतो, कैलासवासी होतो, पैगंबरवासी होतो. ख्रिस्ती घरातला असेल तर निधनवार्तेत त्याच्या नावामागे ‘ख्रिस्तवासी’ लागते. रोजच्या वापराने हे शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांतला फरक आता हाताला लागत नाही. ‘देवाज्ञा’ कारण सांगते: वरून हुकूम आला, माणूस गेला. ‘ख्रिस्तवासी’ कारण सांगत नाही. गेलेला माणूस आता कोणाजवळ आहे, एवढेच सांगते. आपल्याकडची ख्रिस्ती माणसे बोलताना दोन्ही शब्द वापरतात, कधी एकाच वाक्यात. देव चांगला आहे आणि समर्थही आहे, तर मग हे दुःख का, हा प्रश्न ख्रिस्ती विचाराला दोन हजार वर्षे छळतो आहे, आणि त्याला दिलेली उत्तरे याच दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी पडतात. उत्तम शुक्रवार जवळ आला की ती पुन्हा तपासून पाहावीशी वाटतात.

काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या एका गावात दुखवट्याला गेलो होतो. दीड वर्षाचा मुलगा तापाने गेला होता. पत्र्याची खोली, भिंतीवर येशूचे कॅलेंडर, दाराशी चपलांचा ढीग. येणारा प्रत्येक जण आईसमोर बसायचा, एखादे वाक्य ठेवायचा आणि उठायचा. देवाची काहीतरी योजना असते. देव आपल्या आवडत्या माणसांचीच परीक्षा घेतो. ईयोबाचं बघ, त्याच्यावर काय कमी आलं? ईयोबाचे नाव निघाले तेव्हा तोवर गप्प बसलेल्या त्या बाईने मान वर केली आणि म्हणाली, “परीक्षा माझी होती ना? मग नेलं त्याला कशापायी?” खोलीत कोणी काही बोलले नाही. माझ्याजवळही त्याच पठडीतले एक वाक्य तयार होते, ते मी गिळले. कोपऱ्यात तिची आत्या होती. सकाळपासून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. चुलीवर चहाचे पातेले ठेवायची, उतरवायची, पेले विसळायची आणि मध्येच येऊन भाचीच्या विस्कटलेल्या केसांची वेणी घालायची. वेणी सुटली की पुन्हा घालायची.

त्या बाईने विचारले ते ईयोबाच्या पुस्तकातले सर्वांत अवघड कोडे आहे. ऊस नावाच्या देशात ईयोब राहतो. त्याला सात मुलगे आणि तीन मुली, सात हजार मेंढरे, तीन हजार उंट. तो नीतिमान आहे हे पुस्तक पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी शंका काढू नये. मग एका दिवसात गुरे जातात, चाकर जातात, वादळात घर कोसळून दहाच्या दहा मुले जातात. अंगभर फोड येतात आणि तो राखेत बसून खापरीच्या तुकड्याने अंग खाजवतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र लांबून भेटायला येतात, त्याच्याकडे पाहतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कोणी अवाक्षर काढत नाही. इथपर्यंत ते उत्तम मित्र आहेत.

आठव्या दिवसापासून बिघडते. ईयोब आपल्या जन्मालाच शाप देतो आणि मित्रांना राहवत नाही, त्यांना देवाची बाजू मांडायची असते. त्यांची भाषणे वाचताना प्रामाणिक वाचकाला अस्वस्थ व्हायला होते, कारण ती वाईट नाहीत. ती धार्मिक आहेत, रसाळ आहेत, त्यांतली कित्येक वाक्ये आजही प्रवचनात खपून जातील. देव न्यायी आहे, निष्पापाचा नाश कधी झाला आहे का, शिस्त लावणाऱ्या देवाचा अव्हेर करू नकोस. आणि याच सुरात बिल्दद बापाच्या तोंडावर सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून देवाने त्यांना त्याचे फळ दिले. दहा पोरांच्या ताज्या मातीवर उभे राहून तो हिशोब जुळवतो.

शेवटी देव वावटळीतून बोलतो. वाचकाला वाटते, आता कारण कळेल. देव समुद्राच्या दारांविषयी बोलतो, नक्षत्रांविषयी बोलतो, रानबकऱ्या कड्यावर कधी वितात हे तुला ठाऊक आहे का, असे विचारतो. कारण मात्र सांगत नाही. सुरुवातीला स्वर्गात ईयोबाच्या परीक्षेविषयी सैतानाशी झालेले बोलणे वाचकाला माहीत आहे, ईयोबाला ते शेवटपर्यंत कळत नाही. पण त्यानंतर देव एक निवाडा देतो, आणि माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा भार त्या निवाड्यावर आहे. तो अलीफजाला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर माझा राग आहे. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. ज्यांनी देवाची वकिली केली ते दोषी ठरले. ज्याने देवालाच कोर्टात खेचले, तो योग्य ठरला. त्या तिघांसाठी प्रार्थना करण्याचे कामही ईयोबाकडेच येते.

मग त्याची मालमत्ता दुप्पट होते. चौदा हजार मेंढरे, सहा हजार उंट. मुले मात्र दुप्पट होत नाहीत. पुन्हा सात मुलगे, पुन्हा तीन मुली. काही जुन्या भाष्यकारांनी यावर म्हटले आहे की पहिली दहा देवाजवळ आहेत, म्हणून ती गमावलेल्यांत धरलीच नाहीत. अर्थ सुंदर आहे. तरीही परीक्षा बापाची होती आणि गेली मुले, हा सल पुस्तक मिटल्यावर उरतोच, आणि पुस्तकाने तो झाकलेला नाही.

नव्या करारात हाच वाद एका तळ्याकाठी येतो. यरुशलेमात शिलोह नावाचे तळे होते. २००४ साली सांडपाण्याच्या वाहिनीचे काम चालू असताना त्याच्या पायऱ्या सापडल्या. येशू वाटेने जात असताना जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात: पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? आपल्या कानांना हा प्रश्न परका वाटत नाही. प्रारब्ध, भोग, कोणाचे तरी पाप कोणाच्या तरी पदरात, ही भाषा आपल्या घराघरांत आहे, आणि ख्रिस्ती घरांतूनही ती गेलेली नाही. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. यानेही नाही, याच्या आईबापांनीही नाही. पुढे तो म्हणतो की याच्या ठायी देवाचे काम दिसायचे आहे. हे वाक्य कठीण आहे. कोणी त्याचा अर्थ असा लावतात की देवाने केवळ चमत्कार दाखवायला एका माणसाला आयुष्यभर अंधारात ठेवले. मला तो अर्थ पटत नाही, कारण येशू पुढच्याच क्षणी खाली वाकतो, थुंकीने माती कालवतो, ती त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्यांना कारणावर चर्चा हवी होती आणि येशूचे हात चिखलाने भरलेले होते.

याच शिलोहातला एक बुरूज कोसळून अठरा माणसे दगावल्याची बातमी लूकच्या शुभवर्तमानात आहे. ती अठरा माणसे यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असे तुम्हाला वाटते का, असे येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. लगेच तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो, म्हणजे दुर्घटनेला तो निरर्थक ठरवत नाही. पण तिचा उपयोग मेलेल्यांचा न्याय करण्यासाठी होऊ देत नाही.

इतके स्पष्ट असूनही ख्रिस्ती जगाने तो न्याय पुन्हापुन्हा केला. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी लिस्बनची चर्चे भाविकांनी भरलेली आणि वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या असताना भूकंप झाला. छते कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लावल्या, आणि जी माणसे जीव वाचवायला नदीकाठी धावली त्यांच्यावर समुद्र चढून आला. हजारो गेले. गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या वृद्ध जेझुइट पाद्र्याने पत्रक काढून सांगितले की ही शहराच्या पापाची शिक्षा आहे, आणि घरे बांधायची धावपळ सोडून लोकांनी प्रायश्चित्त करावे. प्रधान पोंबाल ढिगारे उपसण्याच्या, मढी पुरण्याच्या आणि शहर पुन्हा उभारण्याच्या कामात होता. त्याने मालाग्रिदाला लिस्बनमधून काढले आणि पुढे १७६१ साली, दुसऱ्या आरोपांखाली, त्याला जाहीर देहदंड झाला. त्या शिक्षेचे समर्थन करता येणार नाही. पण ढिगाऱ्याखालून आवाज येत असताना कारण सांगत बसणे हेही क्रौर्यच होते.

लिस्बनने युरोपातल्या तत्त्वज्ञांचीही झोप उडवली. आहे ते जग शक्य असलेल्या सर्व जगांत उत्तम आहे, अशी मांडणी लाइबनिट्झने १७१० साली केली होती. व्हॉल्टेअरने १७५९ साली ‘कांदीद’ लिहून तिच्या चिंध्या केल्या. ख्रिस्ती विचारवंतांना मात्र जुन्या उत्तरांकडे परत जावे लागले, आणि ती उत्तरे हलकी नाहीत.

सर्वांत वजनदार उत्तर ऑगस्टीनचे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा हा बिशप ४१० साली रोमची लूट झाल्यानंतर ‘देवाचे नगर’ हा प्रचंड ग्रंथ लिहायला बसला. त्याच्या मते वाईट ही देवाने निर्माण केलेली वस्तू नव्हे. अंधत्व म्हणजे जशी दृष्टीची उणीव, तसे वाईट म्हणजे चांगल्याची उणीव, आणि ती उणीव जगात आली निर्माण केलेल्या जिवांनी आपल्या स्वातंत्र्याचा दुरुपयोग केल्यामुळे. प्रेम करण्याची मोकळीक हवी तर ते नाकारण्याचीही हवी. विसाव्या शतकात जे. एल. मॅकी या नास्तिक तत्त्वज्ञाने १९५५ साली दावा केला की सर्वशक्तिमान, सर्वथा चांगला देव आणि वाईटाचे अस्तित्व या गोष्टी तर्काने एकत्र बसूच शकत नाहीत. त्याला अल्विन प्लँटिंगाने १९७४ साली याच स्वातंत्र्याच्या आधारे असे उत्तर दिले की तर्काचा तो विशिष्ट मुद्दा बऱ्याच नास्तिकांनीही सोडून दिला. प्लँटिंगाचा प्रामाणिकपणा असा की त्याच पुस्तकात तो सांगतो, दुःखात बुडालेल्या माणसाला या युक्तिवादाचा फारसा उपयोग नाही. त्याला सांभाळणारा पाळक हवा.

दुसरे उत्तर आणखी जुने. दुसऱ्या शतकातला लिऑंचा बिशप आयरेनियस म्हणतो की माणूस पूर्ण घडलेला जन्माला आलाच नाही, तो लेकरासारखा अपुरा होता आणि त्याला वाढायचे होते. जॉन हिक यांनी १९६६ साली हा धागा उचलून मांडले की संकट, कमतरता आणि जोखीम असलेल्या जगातच आत्मा घडू शकतो. जिथे काहीच बिघडत नाही तिथे धैर्य आणि करुणा यांना जन्मच नाही. यात खरेपणा आहे. आपण सगळेच दुःखाने घडलेली माणसे ओळखतो. पण दुःखाने मोडलेलीही ओळखतो, आणि दीड वर्षाच्या पोराचे घडणे कोणत्या हिशोबात धरायचे? हिक स्वतः कबूल करतात की मृत्यूपलीकडे हे घडणे चालू राहत नसेल तर सगळी मांडणी कोसळते. स्वातंत्र्याच्या उत्तरालाही भूकंप आणि लाटा कायम अडचणीच्या ठरतात. २६ डिसेंबर २००४ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, वेलंकणीच्या किनाऱ्यावर भाविक त्सुनामीत वाहून गेले. मुंबई-वसईची ख्रिस्ती कुटुंबे ज्या माउलीला नवस बोलायला जातात, तिच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. तिथे कोणाच्या स्वातंत्र्याचा दुरुपयोग झाला होता? त्या लाटेनंतर ऑर्थोडॉक्स विचारवंत डेव्हिड बेंटली हार्ट यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की ख्रिस्ती माणसाने या मृत्यूंना देवाच्या योजनेचा भाग म्हणून समजावून सांगण्याची गरज नाही, तशी परवानगीही नाही. पौलाने मृत्यूला देवाचा शत्रू म्हटले आहे. शत्रूने केलेल्या नासाडीवर आपण देवाची सही कशाला करायची?

सी. एस. लुईस यांचे उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. १९४० साली त्यांनी दुःखाच्या प्रश्नावर एक नीटस, बुद्धिमान पुस्तक लिहिले. दुःख हे बहिऱ्या जगाला जागे करण्याचे देवाचे साधन आहे, असा त्याचा रोख होता, आणि ते लाखोंनी वाचले. वीस वर्षांनी, जुलै १९६०मध्ये, त्यांची पत्नी जॉय कर्करोगाने गेली. त्यानंतरच्या महिन्यांत त्यांनी वह्यांत जे लिहिले ते १९६१ साली टोपणनावाने छापले, एन. डब्ल्यू. क्लार्क. या दुसऱ्या पुस्तकात युक्तिवाद जवळजवळ नाही. देवाचे दार ठोठावले तर ते आतून बंद करून घेतल्याचा भास आहे. देव नसेल ही भीती कमी आणि तो असाच असेल ही भीती जास्त आहे. लुईस यांनी श्रद्धा सोडली नाही. पहिले पुस्तक मागेही घेतले नाही. पण दोन्ही एकापाठोपाठ वाचणाऱ्याला कळते की पहिले पुस्तक दुःखाविषयी आहे आणि दुसरे दुःखातून आले आहे. घरात मढे असताना पहिले कोणाच्या हातात देऊ नये.

मग ख्रिस्ती श्रद्धेजवळ नेमके आहे काय? तिच्या मध्यभागी एक देहदंड आहे. रोमी सत्तेने यरुशलेमच्या वेशीबाहेर वधस्तंभावर दिलेला माणूस हाच देवाचा पुत्र, असे ती म्हणते, आणि त्याच्या तोंडी मरताना ईयोबाचाच प्रश्न आहे. देवाने मला का सोडले, असे तो एका जुन्या स्तोत्राच्या शब्दांत ओरडतो. त्यालाही वरून उत्तर आल्याचे मार्क सांगत नाही. ज्या धर्माच्या देवाने स्वतः ‘का’ विचारले, त्या धर्मात तो प्रश्न विचारणे पाप कसे असेल?

हा विचार सर्वांत खोलवर नेला तो युर्गन मोल्टमान यांनी. जुलै १९४३मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्बचा वर्षाव झाला तेव्हा सतरा वर्षांचे मोल्टमान विमानभेदी तोफांच्या तुकडीत होते. शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या चिंधड्या झाल्या आणि ते स्वतः जिवंत राहिले. घरी धर्माचे वातावरण नव्हते, पण त्या रात्री त्यांच्या तोंडून पहिल्यांदा देवाला हाक गेली: तू कुठे आहेस? पुढे ब्रिटनमध्ये युद्धकैदी असताना एका धर्मगुरूने त्यांना बायबल दिले. विलापाची स्तोत्रे आणि मार्कची दुःखसहनाची कथा वाचताना त्यांना वाटले, हा मला ओळखतो. १९७२ साली त्यांनी ‘वधस्तंभावर खिळलेला देव’ लिहिले. देव दुःखाकडे वरून पाहत नाही, तो त्याच्या आत आहे, असा त्याचा गाभा. २०२४ साली ते वारले तोवर जगभरच्या चर्चमध्ये हा विचार रुजला होता. त्याआधीच, नाझींच्या तुरुंगातून १९४४ साली लिहिलेल्या पत्रात डीट्रिख बोनहोफर यांनी म्हटले होते की आपल्या मदतीला येऊ शकतो तो दुःख भोगणारा देवच.

यालाही आक्षेप आहेत, आणि ते बाहेरच्यांचे नाहीत. परंपरेने देवाला अविकारी मानले आहे. दुःख देवाला गिळू शकत असेल तर तो तारणार कसा? कार्ल राहनर या मोठ्या कॅथलिक धर्मपंडितांनी फटकळपणे विचारले होते की देवही माझ्याच चिखलात रुतला असेल तर मला बाहेर कोण काढणार? डोरोथे झोले यांना मोल्टमान यांच्या मांडणीत पुत्राला मारणारा बाप दिसला आणि त्याची त्यांना भीती वाटली. राहनर यांचा आक्षेप मला योग्य वाटतो, पण त्याचे उत्तरही ख्रिस्ती श्रद्धेतच आहे, आणि ते शुक्रवारी नाही, रविवारी मिळते. पुनरुत्थान वजा केले तर वधस्तंभ म्हणजे आणखी एक अन्याय, आणखी एक प्रेत. रडणारा देव पुरेसा नाही. आपला मित्र लाजर याच्या थडग्यापाशी येशू रडला, हे योहान सांगतो. त्यानंतर त्याने धोंड बाजूला करायला लावली आणि लाजराला जिवंत बाहेर बोलावले, हेही सांगतो. ख्रिस्ती माणूस या दोन्ही गोष्टी मानतो. मात्र दुसरी अजून सर्वांसाठी घडलेली नाही, तोवर पहिलीच्या जागी उभे राहावे लागते.

त्या जागेसाठी बायबलमध्ये प्रार्थना ठेवलेल्या आहेत आणि आपल्या मंडळ्या त्या फार कमी वापरतात. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारीची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर शेवटपर्यंत वर येतच नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. हे स्तोत्र संपादकांनी गाळले नाही, कोणी त्याला आशेची ओळ जोडली नाही. दफनविधीला आपण तेविसावे वाचतो, मेंढपाळाचे, हिरव्या कुरणांचे, आणि ते वाचलेच पाहिजे. पण ज्या आईला अजून कुरण दिसत नाही तिच्यासाठी अठ्ठ्याऐंशीवेही वाचावे.

ईयोबाचे मित्र आजही आपल्यात आहेत, आणि मला सर्वांत जास्त संताप येतो तो इथे. चंगाई सभेत मूत्रपिंडाच्या आजाराने खंगलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला जातो, तो बरा होत नाही, आणि त्याला सांगितले जाते की तुझा विश्वास कमी पडला. आजार त्याचा, आणि वर दोषही त्याचाच. दुसरीकडे दारुड्या नवऱ्याचा मार खाणारी बाई पाळकाकडे जाते आणि ऐकून येते की हा तुझा क्रूस आहे, तो वाहून ने. येशूने आपला क्रूस उचलायला सांगितले ते अनुयायांना, स्वतःच्या निवडीने. कोणाच्या पाठीवर कोणी काठी चालवावी आणि तिला क्रूस म्हणावे, असे त्याने कुठे सांगितले?

ज्या दुःखाला माणूस जबाबदार आहे त्याला देवाचे गूढ म्हणणे ही फसवणूक आहे. लॅटिन अमेरिकेत गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी लिमाच्या गरीब वस्तीतून ईयोब वाचला तो याच दृष्टीने: निष्पापाचे दुःख पाहून देवाविषयी कसे बोलायचे? आपल्याकडे १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी धर्मचिंतन शूद्रातिशूद्रांच्या वेदनेतून सुरू झाले पाहिजे असे मांडले, आणि दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाला तोंड फुटले. चर्चमध्ये वेगळे बाक आणि दफनभूमीत वेगळी रांग हे देवाने घडू दिलेले कोडे नाही. ते आपण केलेले आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळलेल्या दलित ख्रिस्ती माणसाला ‘देव परीक्षा घेतो’ असे सांगणाऱ्याने आधी हे पाहावे की परीक्षेचा पेपर कोणी काढला आहे.

मराठी मातीत या प्रश्नाला जे सर्वांत भारदस्त उत्तर मिळाले ते एका बाईचे आहे, आणि तिने ते ग्रंथाच्या रूपाने लिहिले नाही. पंडिता रमाबाई १८५८ सालच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत देशभर फिरले आणि त्यांनी मुलीला संस्कृत शिकवले. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या उपासमारीत काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. ब्राह्मणाने मजुरी करायची नाही, भीक मागायची नाही, आणि खायला काही नाही, अशी ती उपासमार होती. भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. त्याच वर्षी रमाबाईंचा विवाह झाला, आणि १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाईंच्या कडेवर मनोरमा उरली. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या भगिनींनी आणि बिशपांनी हातात ठेवलेली उत्तरे निमूट घेतली नाहीत. त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. ज्या काळात बालविधवेला तुझ्या कर्माचे भोग आहेत असे सांगितले जाई, त्या काळात त्यांनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांना आपलेच जुने दिवस आठवले, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगची बंधने होती, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला, जिथे त्यांनी फळबागेसाठी जमीन घेतली होती, तिथे झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान झाले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या हजाराच्या पलीकडे गेली. विहिरी खणल्या, दूधदुभते ठेवले, विणकाम चालू झाले, आंधळ्या मुलींसाठी शाळा झाली, आणि छापखाना बसवला.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या, बाईमाणसाला कळेल अशा मराठीत आणायला घेतले. संस्कृत पंडितेने संस्कृतचा भार मुद्दाम उतरवून. काम चालू असताना ऐकू येणे कमी झाले होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, चाळिशीत; आईच्या मागे मुक्तीचा भार तीच घेणार होती. त्यानंतर जेमतेम साडेआठ महिने, ५ एप्रिल १९२२पर्यंत, रमाबाई होत्या. भाषांतर पुरे झाले होते. १९२४ साली ते केडगावलाच, मुक्तीच्या छापखान्यात छापून निघाले.

त्या छापखान्यात मुक्तीतल्याच मुली आणि बायका खिळे जुळवत. त्यांतल्या कित्येकींचे आईबाप आणि भावंडे दुष्काळात रस्त्याच्या कडेला राहिली होती. दहा मुले गमावलेल्या माणसाने देवाविरुद्ध केलेली तक्रार, रमाबाईंच्या मराठीत, शेवटी त्यांच्याच हाती आली. त्यांनी ती एकेक खिळा उचलून, एकेक अक्षर तपासून, ओळीमागून ओळ लावली.